मी आलो

नमूच्या खाटेवर इलारिया झोपलीय.
तिकडं फेराराला, इलारियाच्या खाटेवर नमू.
दहा महिन्यांची अदलाबदल.
कागदावर सही केलो तेव्हा सोपं वाटलं होतं,
शेजारणीकडनं वाटीभर साखर आणावी
आणि महिनाअखेरीस परत द्यावी, तसं.

फेरारा म्हटल्यावर हे म्हणाले, गाडी ना ती?
उद्यमबागेत लेथवर तीस वर्षं,
यांना जगातली सगळी गावं लोखंडाचीच वाटतात.

पहिल्या दिवशी नीलव्वानं कट्ट्यावरनं हाक दिली,
हेसरेन?
पोरगी म्हणाली, इलारिया.
इल्ल री? नाही म्हणतीस?
आणि पदर तोंडाला लावून नीलव्वा हसत सुटली.
संध्याकाळपर्यंत वडगावभर झालं,
मुचंडीकरांच्यात 'नाही' नावाची पोर आलीया.
मीही हसलो.
रात्री भांडी घासताना हात थांबला.

तेव्हापासनं हिला बघतो आणि तिला वाचतो.
ही नको म्हणायला लाजते, तिसरी भाकरी खाते,
मग परड्यात जाऊन उभी राहते, पोटावर हात.
म्हणजे तिकडं तीही.
ही आंघोळीला किती पाणी घ्यायचं ते विचारत नाही,
अर्ध्या बादलीत उरकते.
म्हणजे तिकडं तीही.
शेजारचा माग रात्री दोनपर्यंत खटखटतो.
आम्हाला तो थांबला की जाग येते,
हिला तो चालू असला की झोप नाही.
तिकडं काय खटखटतं, नमूला विचारलो.
काही नाही, म्हणाली. काहीच वाजत नाही गं इथं.

सगळं मस्त आहे, म्हणते फोनवर.
इलारियाही दार लोटून आपल्या आईला तसंच काहीतरी सांगते.
भाषा कळत नाही मला,
पण 'मस्त'चा आवाज दोन्हीकडं सारखाच निघतो,
थोडा वरच्या पट्टीत, थोडा घाईत.

चवथ्या दिवशी तिनं भाकरी दुधात कुस्करली.
कुणी शिकवलं नव्हतं.
नमू सांगत होती, इथं सकाळी बिस्किटं दुधात बुडवून खातात,
पोट भरत नाही आई.
मी भाकरीवर जास्तीचं दूध ओतलो.

मग पुण्याच्या वन्सं आल्या.
ही शाळेतनं आली, चपला काढत म्हणाली, मी आलो.
आलो नाही गं, आले म्हणायचं. मुलगी ना तू?
पोरगी माझ्याकडं बघत राहिली.
मी काय सांगू?
जन्मभर आलो, जेवलो, निजलो, उठलो.
खानापूरची माझी आई दवाखान्यात जाताना
येतो म्हणाली होती.
कुणी तिला पुरुष समजलं नाही.

रविवारी नमूचा फोन.
कार्लाबाई भाषा शिकवतायत.
दमलो म्हणायला ती स्तान्को म्हणाली,
तर बाई म्हणाल्या, स्तान्का. पोरीनं शेवटी आ लावायचा.
नमूनं सांगितलं, आमच्या गावात बायकाही दमलो म्हणतात.
तर बाई म्हणाल्या,
दमायला तुमच्यात पुरुष व्हावं लागतं काय?
दोघी खूप हसलो.
हसून झाल्यावर लाइनीत जरा वेळ
नुसती खरखर.
साडेतीन तासांचं अंतर एवढंच ऐकू येतं.

बरं आई, ठेवते. फार दमले आज.

ठेवते. दमले.
फोन पदराला पुसून फळीवर ठेवलो.
बोर्डावरच्या अक्षरांवरनं भांडणारं आमचं गाव,
एका मात्रेनं पोर किती लांब जाते
ते कुणी मोजत नाही.

तवा तापत होता.
जिन्यात दप्तर आदळलं,
चपला दोन दिशांना उडाल्या, अगदी नमूच्या,
आणि खालूनच हाक,
आई, मी आलो!

ये, म्हटलो.
हात धू आधी.