दीर्घ

सकाळी सातलाच फळ्यावर लिहून टाकलं मी:
हवामान खराब. फेरि बंद.
खडू दमट, अक्षर उठेना,
'बंद' दोनदा गिरवावं लागलं.

डिसेंबरात कधी पाऊस पडतो?
पडत होता पण. तिरका, खारट.
जयगड बंदरावर तीन नंबरचा बावटा,
आणि वाळत घातलेल्या बोंबलांवर ताडपत्री ओढत
बाया शिव्या देत होत्या,
देवाला की वेधशाळेला, ते वाऱ्यात कळलं नाही.
कलमांना नुकता मोहोर फुटलेला.
त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

दहाच्या एसटीतून मुलं उतरली,
रत्नागिरीच्या वसतिगृहातली, नाताळची सुट्टी लागलेली.
पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या,
उझैरच्या हातात काचेचा ग्लास,
ओल्या कापसावर रुजलेला वाल,
शाळेतला प्रयोग,
दीड तास मांडीवर सांभाळत आणलेला.

फळा वाचला सगळ्यांनी.
मग खिडकीशी येऊन विचारलं, "फेरी आहे ना?"
माणसं असंच करतात.

तवसाळ समोरच आहे.
स्वच्छ दिवशी तिथल्या कोंबड्या मोजता येतात,
असं धाकू सारंग सांगतो; तो काहीही सांगतो.
आज सगळं धुरकट, तरी दिसत होती
पलीकडच्या धक्क्यावर एक पिवळी ओढणी
आणि सारखी उलटी होणारी छत्री.
"अम्मी आमची," मिसबाह म्हणाली,
उझैरची बहीण, आठवीतली.

मध्ये वीस मिनिटांचं पाणी.
रस्त्याने जायचं तर आधी चिपळूण, मग गुहागर,
मग तिथून गाडी मिळाली तर.
आणि एसटी केव्हाच वळून गेलेली.

माझ्या फोनवरून लावला तिने.
दोघी एकमेकींकडे बघत बोलत होत्या,
वारा दोन्ही कानांत एकच.
"जेवलात?"
"हो."
"खोटं."
"हो."
मग ट्रंक उघडून तिने प्रगतीपुस्तक काढलं
आणि दोन्ही हातांनी उंच धरलं,
खाडीपलीकडे गणिताचे गुण दाखवायला.
छत्री वरखाली झाली.
पास झाली असणार.

दुपारी सारंगाला विचारलं, एक तरी खेप?
तो बराच वेळ खाडीच्या तोंडाकडे बघत राहिला.
"लाट मोठी नाय बाय.
पन ती मोडते कुठं, ता बघ."
आणि तंबाखू मळायला लागला.
त्यावर काय बोलणार.

माझी खोली म्हणजे एक टेबल, एक गल्ला, एक स्टोव्ह.
त्यात सहा मुलं, चार ट्रंका,
भात, सुकटीचं कालवण, ताटल्या तीनच.
वालाचा ग्लास गल्ल्यावर ठेवला,
उजेड तेवढाच तिथे येतो.
एक लहानगा रडला थोडा,
मग कुणीतरी भेंड्या काढल्या आणि तो विसरला.

दिवेलागणीला मिसबाह फळ्यापाशी उभी होती.
बोटाने काहीतरी पुसलं,
माझ्याकडे बघून खडू उचलला.
"ताई, री दीर्घ हवी."

नऊ वर्षं मी तेच लिहीत आले.
मामलेदार वाचून गेले, पर्यटक वाचून गेले,
मास्तरसुद्धा, सायकल घेऊन, दर शनिवारी.
कुणी बोललं नाही.
माझी शाळा सातवीत सुटली.
तेव्हा हवामान चांगलं होतं.

रात्री वारा पडला.
मी झोपलेल्या मुलांच्या पायांमधून वाट काढत
तीनदा बाहेर जाऊन बावटा बघून आले,
जणू माझंच कुणी पलीकडे उभं आहे.

सकाळी पहिली खेप सुटली.
मुलांनी हात केले, ट्रंकांवर बसून,
उझैरने केला नाही,
त्याचे दोन्ही हात ग्लासाला.
धुकं होतं; बोट अर्ध्यावर नाहीशी झाली,
भोंगा तेवढा ऐकू आला,
नंतर पलीकडून एक आरोळी, बाईची.

फळा घेतला मग.
'हवामान खराब' पुसलं, 'बंद' पुसलं.
'फेरी' तिच्या अक्षरात आहे, तशीच ठेवली.
पुढे काय लिहायचं ते ठाऊक होतं.
खडू हातात धरून उभी राहिले:
चालूचा लू ऱ्हस्व की दीर्घ,
विचारायचं राहूनच गेलं.