उद्या अकरा वाजता

अर्ज नंतर करा, आधी एकदा साहेबांशी बोलून घ्या,
असं नगरपरिषदेच्या शिपायानं सांगितलं
आणि मग हळूच विचारलं, सुरमई काय भावानं?

म्हणून आज बाजारातून लवकर उठले.
हात दोनदा साबणानं धुतले, एकदा आमसुलानं,
तरी सातबाऱ्याला लागायचा तो वास लागलाच.

जमिनीवर कागद मांडलेत. उडू नयेत म्हणून
एकावर पाव किलोचं माप, एकावर अडकित्ता.
घरपट्टीची पावती पायाखाली.
नकाशा तेवढा सारखा गुंडाळून बसतो,
आमच्याकडे बघायचंच नाही जणू त्याला.

तीन गुंठे. चार सहहिस्सेदार.
त्यातला एक मस्कतला, बोटीवर.
त्याची सही मोबाइलमधून आली, तिरपी,
लाट लागल्यासारखी.

आरोलकर इंजिनिअर बजावून गेला:
विचारतील तेवढंच बोला.
जोतं तीन फूट का, तर पाणी येतं म्हणून.
किती येतं ते सांगू नका,
नाहीतर म्हणतील, मग तिथं राहताच कशाला?

मी गॅससमोर उभी राहून पाठ करते.
साहेब, दोनच खोल्या. वर पत्रा.
साहेब, पर्यटकांना द्यायला नाही,
सून माहेरून बाळाला घेऊन यायचीय.
भरतीरेषा कुठून जाते ते मला ठाऊक नाही.
(ठाऊक आहे. मागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत.
लोकांच्या घरी पोरांच्या उंचीच्या असतात,
आमच्याकडे पाण्याच्या.)

साहेब म्हणजे घोणसे. लातूरकडचा पोरगा.
बुधवारी माझ्याकडून बांगडे नेतो,
डोकी काढून द्या म्हणतो, त्यांचे डोळे बघवत नाहीत.
उद्या मी त्याच्या टेबलासमोर.
माझे डोळे मी कुठं ठेवू?

सगळं जुळलं असं वाटलं, तेव्हा दोरी घेऊन बाहेर आले.
नवऱ्याच्या हातच्या गाठी आहेत तिला,
वाववावावर एक. खोल पाण्यात सोडायची दोरी,
ती मी वाळूवर आडवी टाकली.
उत्तरेची भिंत जिथं यायची
तिथं टॉर्च मारला, तर पावलं.
कालची, परवाची, एकावर एक.

रापणीची वाट.

सातबाऱ्यात नाही. नकाशात नाही.
आरोलकरला माहीत आहे, तो वेंगुर्ल्याचाच,
लहानपणी दोर ओढायला यायचा, वाट्याचे तारले घेऊन जायचा.
त्यानं ती काढली नाही,
आणि काढली नाही हे मला सांगितलंही नाही.

कुबलांची सुलभा दारात आली.
'काय गो, इतक्या रातीचा काय मापतंस?'
'घर,' म्हटलं.
ती वाटेवरच उभी होती. खाली बघितलंन, दोरीकडे.
'बांध गो बाय. आमी जातलंव वळसो मारून.'

वळसा म्हणजे बर्फाच्या फॅक्टरीमागून,
गुडघाभर भुसभुशीत वाळूतून,
खांद्यावर ओलं जाळं घेऊन.
ओलं जाळं किती जड असतं
ते नकाशाच्या कुठल्याच कोपऱ्यात लिहीत नाहीत.

ती आत गेली. दार लावलंन, पण कडी घातल्याचा आवाज आला नाही.

मी परत येऊन बसले.
भिंतीवरच्या खुणांची पेन्सिल घेतली
आणि नकाशावर दोन रेघा ओढल्या, सहा फुटांच्या.
खोली आखडली. सुनेची खाट आता आडवी लावावी लागेल,
आणि खिडकी, तिला समुद्राकडे हवी होती ती,
ती बहुतेक जाईल.

मग आठवलं, आरोलकरच्या खिशात खोडरबर असतो.
पेन्सिलीचं सकाळी रिक्षातच पुसून टाकील.

उठून हिशोबाच्या वहीतलं पेन आणलं.
दोन-तीनदा तळहातावर घासलं तेव्हा उमटलं.
रेघांच्या मध्ये लिहिलं, वाट.
दोनच अक्षरं, पण सरळ यायला वेळ लागला.

तो दहाला येतो म्हणालाय.
मी रिक्षा साडेनऊची सांगितली आहे.