नाव न घेता

आमच्याकडे जंगलात जनावराचं नाव घेत नाहीत.
बाप म्हणायचा 'तो'. आजा म्हणायचा 'मोठा'.
मोहफुलं वेचणाऱ्या बाया नुसती हनुवटी हलवतात
असेल त्या दिशेला.
नाव घेतलं की त्याला कळतं
कोण, कुठे, किती जण.

मला पगारच नाव घेण्याचा.
सकाळी सहाला अँटेना खांद्यावर,
कानात खरखर, मग खरखरीतून
टिक्. टिक्. टिक्.
तळोधीकडची वाघीण, गळ्यात पट्टा,
पट्ट्याला आकडा. आकडा लावला
की नाल्याच्या अलीकडूनच कळतं
ती कुठल्या जांभळीखाली झोपलीय.
तिला माहीत नाही.

मागच्या चैतात टेकामच्या टपरीवर
गाडीतून उतरलेल्या एका पोराने
साखर ढवळत ढवळत तो आकडा म्हटला.
दशांशासकट.
जसा कोणी भर बाजारात सांगावा
आपल्या बहिणीच्या अंगावरचा तीळ.

मग पट्टा बदलला:
दोन जीपा, बंदूक, डॉक्टर, डोळ्यांवर हिरवं कापड.
ती उठली, तोल सावरत बांबूत शिरली.
नवा आकडा चारच जणांना ठाऊक.
निदान आम्ही चार म्हणतो.

मायचं तसं नाही.
तिचा पट्टा कातडीच्या आत,
डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा.
आंघोळीला बसली की तिथे साबण लावत नाही.
उशाशी डबी. रात्री दोनला हिरवा दिवा लागतो
आणि तिच्या काळजाचा हिशेब
टॉवरवरून नागपूरला जातो. तिथून पुढे कुठे,
ते नागपूरच्या पोरालाही सांगता आलं नाही.
पासवर्ड त्याने जन्मतारखेचा ठेवला होता.
एक जुलै.
मायची जन्मतारीख कोणाला माहीत?
उईके गुरुजींनी दाखल्यात टाकली ती.
माझीही त्यांनीच टाकली. अर्ध्या गावाची एक जुलै.
अर्धं गाव एकाच किल्लीने उघडतं.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत.
ग्रामपंचायतीतल्या प्रणोतीने वाचून दाखवलं:
बाहेरचा कोणी यंत्राशी बोलू शकतो, असं आढळलंय.
घाबरू नये.
येऊन नवं सॉफ्टवेअर भरून घ्यावं.
भरताना काही क्षण…
इथे ती थांबली.
"वाच ना बाई," माय म्हणाली.

"बाहेरचा म्हंजे कोन?"
"माहीत नाही."
"अन् काय बोलन तो माह्या काळजासंग?"
"थांब म्हणेल. पळ म्हणेल. काहीही."
माय लाखोरी निवडत राहिली. बराच वेळ.
मग म्हणाली,
"तुह्या बापाचंबी कधी आयकलं नाही त्यानं."

गेलो.
पलंग, छातीवर चकतीसारखं काही,
पडद्यावर तिची रेघ.
तीन मिनिटं, पोरगा म्हणाला.
मी मोजत राहिलो, जंगलात मोजतो तसं.
एका जागी टिक् आलं नाही.

जंगलात आवाज थांबला
तर म्हणायचं, टेकडीआड गेली असेल.
दुसरं काही म्हणायचं नसतं.

आलं.

नवा पासवर्ड विचारला तेव्हा
तिने मला हाताने दाराकडे दाखवलं.
"तूबी जाय भायेर."
काय ठेवला, मला माहीत नाही.
तिला लिहिता येत नाही, एवढं माहीत आहे,
आणि पोराने आकडे बटणांवर तिलाच दाबू दिले,
तोंड फिरवून उभा राहिला,
एवढं मी काचेतून पाहिलं.

त्या रात्री अंगणात खाट टाकताना
तिने विचारलं, "कुठी हाय रे आज?"
मी हनुवटी हलवली. मावळतीकडे.
ती उगवतीकडे होती.
मायने माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही.
डबी उचलली, तोंड भिंतीकडे करून ठेवली.
दोन वाजता
शेणाच्या पोताऱ्यावर थोडासा हिरवा उजेड पडला
आणि गेला.