सशांचं गवत

गव्हाणीसाठी गवत मिळालं
ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात.
पिशवीवर सशाचं चित्र, साडेचार पाउंड,
आणि खाली बारीक अक्षरात: धूळ काढलेली आहे.
धूळ काढलेलं गवत!
पप्पांना सांगितलं तर हसता हसता ठसका लागेल.

राहुरीला आमच्या नाटकात कडबा असायचा,
आणि करडू, भिंगारदिव्यांचं,
ज्यानं एका नाताळात भर प्रवेशात
गब्रीएल दूताचा पंख खाल्ला.
पंख वर्तमानपत्राचा. खळीची चव आवडली असावी.
मेंढपाळांची घोंगडी खरी, काठ्या खऱ्या,
पडद्यामागच्या शिव्यासुद्धा खऱ्या.

इथे डंडीत साडेतीनलाच दिवेलागण,
टे नदीवरून वारा थेट हॉलमध्ये,
आणि हॉलचा हीटर खोकतो, तापत नाही.
हे काम माझ्याकडे आलं
कारण मिसेस ॲबरक्रॉम्बींचं खुब्याचं ऑपरेशन निघालं
आणि सभेत नेमकी मीच मान वर केली.
धोक्यांचा फॉर्म भरला, तीन पानी.
मेणबत्ती नाही. शिडी नाही. जिवंत जनावर नाही.
मेंढपाळांच्या डोक्याला भांडी पुसायची फडकी,
त्यातल्या एकावर एडिनबरोचा किल्ला.

मॉर्व्हन मरीया होती, तिला कांजिण्या आल्या.
दुसरी मरीया बाळ उलटं धरते, पायाला.
योसेफ, म्हणजे काच्पर, दर तालमीला विचारतो,
योसेफ नेमकं करतो काय?
उभा राहतो, बाळा.
उभं राहणं सोपं नसतं.
हेच पप्पा मनोहरला सांगायचे, हातात छडी घेऊन.
यझान, वय सहा, तारा व्हायला तयार आहे
पण चमकायला नाही. टिकल्यांचा डगला टोचतो त्याला.
राखाडी स्वेटर घालून आला.
राहू दे, म्हटलं,
या गावात तारा असाच दिसतो.

घरी सुवार्ता म्हणते, आई, तू झोपेत
'हळू, गाढवा, हळू' म्हणतेस.
तिचा बाबा करंज्यांना मुरड घालतो, माझ्याहून सुबक.
खोबरं पाकिटातलं, जायफळ मात्र राहुरीचं.
फुटलेल्या आम्ही ओट्याशीच उभ्यानं खाल्ल्या,
धड राहिलेल्या अकरा मिस्टर ड्रमंडना दिल्या.
दुसऱ्या दिवशी डबा परत, त्यात दोन संत्री.

नाटक दुपारी दोनला. तिकडे साडेसात.
पहिल्या रांगेतून सुवार्तानं फोन धरला,
तिकडे मनोहरनं, पप्पांसमोर.
झटक्यानंतर ते बोलतात कमी,
बोलतात तेही भलतंच. चमच्याला शनिवार म्हणतात.

गाढवाचे पुढचे पाय विंगेत गेले,
मागचे रंगमंचावर राहिले, विचार करत.
दूत शिंकला.
मी आडोशाला, वही मिटलेली,
सगळ्यांची वाक्यं ओठांनी म्हणत होते,
राजांची, मेंढपाळांची, उंटाचीसुद्धा,
ज्याला वाक्यच नाही.
चादरीमागे उकिडवे बसून
पप्पा असंच अख्खं बेथलेहेम
तोंडातल्या तोंडात चालवायचे.

रात्री मनोहर म्हणाला,
पप्पांचे ओठ हलत होते गं, सबंध वेळ.
इंग्रजी त्यांना कळेना, मग त्यांनी आपलंच लावलं,
जुनं, एक शब्द न चुकता.
'जागा नाही, बाई, पुढं जा' इथे तर
दार लावल्यासारखा हातही केला, डावा,
तो बरा नाही तो.

मग मी विचारलं, कसं झालं ताईचं नाटक?
बराच वेळ शोधत राहिले.
'करडू,' म्हणाले.
'करडू कुठाय?'

अर्धी पिशवी गवत उरलंय.
जिन्याखाली ठेवलंय, कोटांच्या मागे.
सुवार्ता रोज विचारते,
आई, ससा आणायचा का.