पाव थाऊ

सलमाबादच्या गल्लीत दुपारी कुणी इंजिन तपासत नाही.
हवा विरविरीत असते, धुऊन धुऊन पातळ झालेल्या पंचासारखी;
रेनाटो म्हणतो, तिच्यात आकडाच भरत नाही.
म्हणून रात्री दोनला, शटर कमरेपर्यंत ओढून,
आठ सिलिंडरचं ते धूड आम्ही डायनोला जोडलं.
मिर्झानं कानांभोवती गुत्रा गुंडाळला.
काय विकून हे इंजिन आलंय
ते मी त्याला विचारलं नव्हतं.

सहा आठवडे लागले.
ब्लॉक आला तेव्हा नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा.
होनिंगच्या जाळीरेघा मी नखानं वाचल्या,
रिंगांची तोंडं एकेक घासून बसवली,
आणि सगळ्यांच्या डोक्यावर सुपरचार्जर:
दोन रोटर, वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत.
साधं इंजिन आपलं आपण श्वास घेतं,
याला मात्र हवा कोंबून भरवावी लागते.

कोल्हापूरला, उद्यमनगरात, आम्ही पाण्याचे पंप करायचो.
आप्पा मापं सुतात सांगायचे.
सूतभर इकडे, सूतभर तिकडे,
तरी पाणी वर चढायचं.
इथे केसाचे बारा भाग करायचे
आणि त्यातला एक धरायचा.
त्याला आम्ही पाव थाऊ म्हणतो.

स्टार्टरनं दोन आचके दिले, मग पेटलं.
मेथनॉलची ज्योत दिसत नाही;
एक्झॉस्टच्या तोंडासमोर फक्त भिंत थरथरते.
साडेसात हजारांवर आवाज हा आवाज राहिला नाही.
फळीवरचे पाने आपोआप सरकू लागले,
दाढेत भरलेलं सिमेंट मला वेगळं जाणवलं.
नऊ सेकंद.
पडद्यावर दोन हजार एकशे चाळीस.
मिर्झा रेनाटोच्या पाठीत बुक्क्या मारत होता,
शटरखालून शेजारचा बंगाली टायरवाला
वाकून अंगठा दाखवून गेला.

मी ऑइल फिल्टर काढला.
याचा फोटो कुणी काढत नाही.
डबा कापायचा, कागदाच्या चुण्या उलगडायच्या,
बॅटरी तिरकी धरायची.
काळं तेल. काळं तेल. काळं तेल.
मग एका चुणीत
एक तांबूस कण.
शेजारी आणखी तीन.

मी गप्प बसू शकलो असतो.
शर्यत सहा दिवसांवर, साखिरच्या पट्टीवर,
पाव मैलाची. मोजून सहा सेकंदांचा मामला.
म्हटलं, "मिर्झा, खोलावं लागेल."
तो अरबीत जे म्हणाला
ते चौदा वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं,
पण कळलं.

उजाडेपर्यंत पाचव्या कनेक्टिंग रॉडची टोपी हातात होती.
बेअरिंगचा करडा थर उडून तांबं उघडं.
क्रँक पुन्हा मोजला.
वहीतल्यापेक्षा पाव थाऊनं जाड.
वहीत अक्षर माझं. वार मंगळवार.

मंगळवारी भावाचा फोन आला होता.
आप्पांचा लेथ. भंगारवाला दारात उभा आहे,
किलोला बेचाळीस म्हणतोय, देऊ का?
त्याच लेथमध्ये आप्पांच्या करंगळीचं पेर गेलं होतं,
आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून ते त्याच्यावरच उभे होते.
दहा-बारा मिनिटं मी नुसतं हं, हं करत राहिलो.
शेवटी म्हणालो, दे.
तेवढा वेळ मायक्रोमीटर माझ्या मुठीत होता.
पोलादाला ऊब लागली की ते फुगतं,
जबडा किंचित फाकतो,
समोरची वस्तू आहे त्याहून बारीक वाटते.
फोन ठेवून मी पाचवं माप घेतलं होतं.

मिर्झाला सांगितलं, चूक माझी,
बेअरिंगचे पैसे पगारातून काप.
कशी झाली ते नाही सांगितलं.

आता मायक्रोमीटर स्टँडला लावलाय,
हातमोजे घातलेत, एसी विसावर.
भावानं फोटो पाठवलाय. धूसर दिसतोय,
मी डाउनलोड केलेला नाही.
जिथे लेथ होता तिथे फरशीवर
चार फिकट चौकोन असतील.
आधी पाचवं माप होऊ दे.