रिकामी फेरी

भावानं सिंगापूरहून फोन केला:
या सगळे. त्या बेटावरच्या पार्कात जाऊ.
तेव्हापासून फ्रिजवर चुंबकाखाली
साखर कारखान्याच्या कॅलेंडरचं एक पान, उलटं लावलेलं.
त्यावर माझ्या अक्षरात:
तिकिटं. व्हिसा. आईचे बूट.
नळाला कोण?

पाणी चार दिवसांआड, कधी पाच,
रात्री अडीचला येतं, येताना सांगत नाही.
शेजारच्या गुंडला वहिनींनी किल्ली घेतली,
वर म्हणाल्या, तिकडं नळ चोवीस तास म्हणे,
मग झोपता कधी, उठता कधी?

बसूला दाराच्या चौकटीशी उभं केलं.
उलट्या होणाऱ्या गाडीला एकशे पंचवीस लागतात.
बसू एकशे एकवीस, तेही टाचा उचलून.
आता तो रोज सकाळी बाल्कनीच्या गजाला लोंबकळतो
आणि न सांगता दूध पितो.

आईनं विचारलं, आत डबा नेऊ देतात का.
नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प.
मग कडक भाकऱ्या टॉवेलात गुंडाळून पाहिल्या,
बॅगेच्या तळाशी बसतात का म्हणून.
शेंगाचटणी विचारली तर औषध म्हणून सांगायचं ठरलं.

अप्पांनी काहीच विचारलं नाही.
एकतीस वर्षं गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर,
त्यांनी आकाशपाळणा उभा केला.
वर बायका किंचाळल्या
की खाली ब्रेक किंचित दाबला.
स्वतः कधी बसले नाहीत.
वर बसलो तर खाली कोण बघणार, म्हणायचे.
पाळणा विकून आता तीन वर्षं झाली.

पासपोर्टच्या कचेरीत त्यांनी काचेवर बोटं ठेवली.
यंत्र म्हणालं, पुन्हा.
तिथल्या मुलीनं ओला रुमाल दिला. पुन्हा.
पान्यानं आणि ग्रीसनं
ठसे केव्हाच पुसून नेले होते.
पाचव्या खेपेला
एकट्या डाव्या करंगळीनं ओळख दिली.

रात्री मी पार्कचा व्हिडिओ लावला.
गाडी कोसळते, माणसं हात वर करून ओरडतात,
अप्पा दोन बोटांनी चित्र मोठं करतात,
माणसांचं नाही, खालच्या सांध्याचं.
"नट दिसंना गेलेत गं.
हे रात्रीचं कोण कसतंय?"
येत असतील माणसं, मी म्हणाले.
"कुठून?"
ॲपमध्ये सगळं आहे:
कुठली रांग किती मिनिटांची, पाऊस कधी, आईस्क्रीम कुठे.
हे नाही.

स्वस्त तिकीट जानेवारीत, बारा ते अठरा.
मी मोठ्यानं वाचलं, आणि वाचता वाचताच चुकले.
"तुम्ही जावा की," अप्पा म्हणाले.
आई म्हणाली, अहो, पाळणा आता दुसऱ्याचा आहे.
"पाळणा दुसऱ्याचा. मैदान तेच हाय की.
तळ्याकडच्या खांबाखाली माती पोकळ हाय,
त्याला कुणी सांगितलंय?"

मी तारीख पुढे ढकलली.
फेब्रुवारीत माणशी सहा हजार जास्त.
सहा पंचे तीस, कॅलेंडरच्या पानावर,
आईच्या बुटांच्या खाली.
नवऱ्यानं आकडा पाहिला, उठून पंखा वाढवला.
बसू तेवढ्यात एक सेंटीमीटर वाढेल, मी म्हणाले.
कुणी हसलं नाही. बसू सोडून.

अप्पा झोपायला गेले.
मग दारात परत आले, बनियनवर, चष्मा न लावता.
"माणसं आत सोडायच्या आधी
एक फेरी रिकामी फिरवत असतील.
फिरवायलाच पाहिजे.
ती बघायला मिळंल का, तेवढं विचार."

मी लिहून घेतलं, नळाच्या खाली:
रिकामी फेरी, किती वाजता?