कमी दाबाने

गुरुवार होता, म्हणजे पाणी नव्हतं.
दत्तवाडीत हे लहान पोरालाही ठाऊक असतं:
बादल्या बुधवारी भरायच्या,
आणि शुक्रवारी नळ येणार तो उशिरा, कमी दाबाने.

प्रणोती आली तेव्हा मी एका शालूला फॉल लावत होते.
पिशवी काउंटरवर ठेवली तिने.
"मंदाताई, हा कुर्ता. खांद्याशी उसवलाय.
आजच्या आज होईल?"

उसवला नव्हता.
तीस वर्षं कापडात बोटं आहेत माझी.
उसवतं ते शिवणीवर, तिथं दोरा हार मानतो, कापड नाही.
इथं शिवण जिथल्या तिथे होती
आणि तिच्या शेजारी कापड फाटलं होतं, आडवं.

मी म्हटलं, "बस."
स्टुलावरचे ब्लाउज उचलले, मशीनचा दिवा बंद केला.
चुकून पंखाही बंद झाला,
तो पुन्हा लावला.

ती अस्तराच्या दरांबद्दल बोलली,
मग ऑफिसच्या कॅबबद्दल,
नळ स्टॉपला मेट्रोखाली किती वेळ जातो त्याबद्दल.
मग एक नाव घेतलं. आडनावासकट.
मग "परवा रात्री" म्हणाली
आणि पुढचं वाक्य येईना.
शुक्रवारच्या नळाचं असतं तसं, आधी नुसती हवा,
मग थेंब,
मग थांबून पुन्हा हवा.

त्या वेळी माझ्या तोंडाशी काय काय आलं, लपवत नाही.
एवढ्या उशिरा कशाला. एकटीच का.
तो तर चांगल्या घरातला.
सगळं दातांपाशी येऊन उभं राहिलं
शेजारणींसारखं, पदर खोचून.

एकदा बाहेर येऊ दिलं होतं मी ते.
हडपसरच्या कारखान्यात, एक्क्याण्णव साली,
डब्याच्या सुट्टीत कुमुद सांगू लागली सुपरवायझरचं
आणि मी म्हटलं, "कुणाला बोलू नकोस. तुझंच नाव जाईल."
वर माझ्यातली अर्धी पोळी दिली तिला.
कुमुदने ती खाल्ली.
पुढच्या पगारानंतर ती कामावर आली नाही,
आणि तिचा पत्ता आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

तर या खेपेला गप्प राहिले, बराच वेळ.
मग म्हटलं, "मला खरं वाटतंय."
म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही."
किती आखूड वाक्यं ही!
वीतभर. त्यात कुणाला काय झाकणार?
तरी दुसऱ्या वाक्यावर ती रडली,
आवाज न करता, जिन्यात कुणी ऐकत असल्यासारखी.

विचारलं, "हात धरू?"
"नको," म्हणाली. मग जरा वेळाने, "पाणी आहे?"
कळशीत तळाशी होतं, दीड तांब्या.
सगळं तिला दिलं.

कुर्ता मात्र शिवला नाही.
"धुऊ नकोस," म्हटलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून
कोऱ्या कागदात गुंडाळला, जशीच्या तशी घडी.
"ससूनला जायचं असेल तर मी येते.
चौकीवर जायचं असेल तरी येते.
कुठेच नसेल जायचं तर इथं बस,
मी दुकान उशिरा बंद करेन.
लवकर गेलेलं बरं, एवढं मला माहीत आहे.
पण ठरवायचं तू."

"आईला सांगाल?"
"नाही. तू सांगशील तेव्हा. सांगशील तर."

जाताना तिने सवयीने पावती मागितली
आणि मीही सवयीने पुस्तक उघडलं.
नाव लिहिलं. नग एक.
'काम' या रकान्यात पेन थांबलं, तो तसाच सोडला.
परत न्यायची तारीख?
"माहीत नाही," ती म्हणाली.
मी तसंच लिहिलं. माहीत नाही.

शुक्रवारी पावणेआठला फोन वाजला.
नळाखाली बादली, नळात हवा फुसफुसत होती.
"ताई, ससूनला कुठल्या गेटने जातात?"
"कोपऱ्यावर थांब," म्हटलं, "आलेच."
बादली भरली की नाही,
आठवत नाही.